यमू, कोहळ्याला अमरावतीला आणलं

यमू, कोहळ्या माझ्याकडे आहे. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर याच्याआधीचं काही ऐकूनच घेतलं नसतंस. तो जेवतो, पाणी पितो, कानावरची जखम भरत आली आहे. जखम कशी झाली ते पुढे येईलच, लगेच माझ्यावर डाफरू नकोस.

तुझ्या शाळेत तुझ्यासाठी शोकसभा झाली. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले होते. तू गणित किती छान शिकवायचीस, किती मुली मॅट्रिक झाल्या, तू किती वक्तशीर होतीस, सगळं सांगून झालं. वक्तशीर! गाडी सुटताना फलाटावरून पळत येणारी तू, हे चित्र माझ्याशिवाय तिथे कोणाला ठाऊक नसावं. तुझ्या कुत्र्यांबद्दल, कोहळ्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. शोकसभेत ते शोभत नसेल. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नको म्हटलं. माझ्याजवळ होतं ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं, तुलाच सांगण्यासारखं होतं.

तू म्हणायचीस, इंदे, मी मेली तं तू रडायच्या आधी कामाची यादी करशीन. तसंच झालं. घरमालकाला किल्ली देणं, शाळेची पुस्तकं परत करणं, कपडे-भांडी तुझ्या भावाच्या, प्रल्हादच्या हवाली करणं आणि कोहळ्या. पहिली तीन कामं एका सकाळीच उरकली. चौथ्या कामात उन्हाळा गेला.

हा कोहळ्या आला तेव्हा खरोखर कोहळ्याएवढाच होता, तसाच पांढुरका आणि गोल. हिवरखेडला तुमच्या भाजीच्या वाडीत सापडलेलं पिल्लू. प्रल्हादनं ते वांग्यांच्या टोपलीत घालून अकोल्याला आणलं. तुझा हा भाऊ दारातून वाकून आत येतो एवढा उंच, दोन पोती एका दमात उचलतो, पण कुत्र्याला घाबरतो. लहानपणी पोटरीला चावा बसला होता आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती, ते तो विसरला नाही. टोपली अंगापासून हातभर लांब धरून तो तुझ्या दारात उभा होता, आणि तू म्हणालीस, "अरे, वांगे चावून राहिले काय तुले?"

त्याच हिवाळ्यात मी तुझ्याकडे सुट्टीला आले आणि तुझा उद्योग पाहिला. पिल्लू लहान आहे तोवर त्यानं नाना तऱ्हेची माणसं पाहिली पाहिजेत, म्हणजे मोठेपणी ते अनोळखी माणसाला भिणार नाही, आणि जे भीत नाही ते सहसा चावत नाही, हा तुझा सिद्धांत. दाढीवाला, छत्रीवाला, टोपीवाला, काठी टेकणारी म्हातारी, डोक्यावर भारा घेतलेली बाई. एवढी माणसं रोज आणायची कुठून? तेव्हा पेठेत एक बहुरूपी आला होता. एक दिवस हवालदार, एक दिवस फकीर, एक दिवस सावकार, असा आठवडाभर फिरून शेवटी बिदागी मागणारा. तू त्याला गाठलंस. रोज सोंग घेऊन आधी आमच्या अंगणात ये, म्हणालीस.

"बाई, कोणाले दाखवाचं?" त्यानं विचारलं.

"ह्याले," असं म्हणून तू पिल्लाकडे बोट दाखवलंस.

त्यानं काहीसा अपमान गिळला, पण आला. पहिल्या दिवशी कोहळ्या खाटेखाली घुसला. दुसऱ्या दिवशी भुंकला. तिसऱ्या दिवसापासून शेपटी हलवायला लागला. फकीर आला, शेपटी. सावकार आला, शेपटी. हवालदार आला तेव्हा तर त्याच्या बुटावर जाऊन बसला. तू नुसती फुलून गेली होतीस. मला म्हणालीस, पाह्य, सात तऱ्हेचे मानसं पचवले पोट्ट्यानं. आणि मग खरा हवालदार शेजारच्यांकडे समन्स घेऊन आला. कोहळ्यानं अशी बोंब ठोकली की त्या बिचाऱ्यानं समन्स तुझ्याच दारात टाकलं.

आपण दोघी ओट्यावर बसून हसत सुटलो. कोहळ्याच्या लेखी सात माणसं आलीच नव्हती. एकच माणूस सात वेळा आला होता. डोळ्यांना फसवणारं सोंग नाकाला कुठून फसवणार? बहुरूप्याला हे सांगितलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, आजवर मले कोनी वळखलं नोतं." तू त्याला चहा पाजलास.

त्यानंतर तू मला कापसाच्या बाजारात नेलंस. गावोगावच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, कापूस वर रचलेला, बैल सोडलेले, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीखाली एक कुत्रं. बाळापूरकडचं, अंजनगावकडचं, कुठकुठचं. एकमेकांना जन्मात न पाहिलेली कुत्री चार-पाच हातांवर निवांत पडलेली. मी म्हटलं, ही भांडत कशी नाहीत? तू म्हणालीस, "आता नको पाहू. उद्या पहाटं रस्त्यावर पाह्य."

दुसऱ्या दिवशी थंडीत कुडकुडत आपण गावाबाहेर उभ्या राहिलो. गाड्या एकामागून एक येत होत्या. प्रत्येकीच्या मागे, चाकांच्या आसाला दोरीनं बांधलेलं कुत्रं चालत होतं. पुढच्या गाडीच्या कुत्र्याचा वास मागच्याला येत होता, मागच्याची चाहूल पुढच्याला. कोसभर तरी ती एकाच दिशेनं चालत आली होती, कोणी कोणासमोर उभं ठाकलं नव्हतं. बाजारात पोचेपर्यंत ओळख होऊन गेलेली. "ओळख म्हंजे समोरासमोर उभं राहून होत नाई," तू म्हणालीस. "सोबत चालून होते. तोंडाले तोंड लावलं का दातच दिसतीन."

मी लगेच म्हटलं, आपली ओळखही अशीच झाली की. ट्रेनिंगच्या वर्षी अमरावतीला, त्या खाणावळीत तुझं ताट वेगळं मांडायचे आणि मी समोरच्या ओळीत मान खाली घालून जेवायची. तिथे आपण कधी बोललो नाही. बोललो ते कॉलेजच्या वाटेवर, तू रस्त्याच्या एका कडेनं, मी दुसऱ्या. असं पुष्कळ दिवस चाललं आणि मग एक दिवस एका कडेनं.

तू माझ्याकडे रोखून पाहिलंस. "कुत्र्याचं कुत्र्यापाशी राहू दे," म्हणालीस. "कुत्र्यानं कोनाचं ताट येगळं नाई मांडलं."

हा वाद आपण कधी पुरा केला नाही. मला दोन्ही गोष्टी एकाच धड्यात बसतील असं वाटायचं, तुला ते पटायचं नाही. आज वाटतं, तुझंच बरोबर होतं. पण एवढ्या लवकर हार मानलेली तुला आवडणार नाही, म्हणून तूर्त राहू देते.

पुढे अमरावतीला, मी चालवते त्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकापाशी टिकली ही कुत्री येऊन राहिली. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान अर्धा फाटलेला. तो कान तिला दुसऱ्या कुत्र्यांनीच फाडून दिला असणार, कारण माणसांना ती एक वेळ सोसायची, कुत्र्यांना मुळीच नाही. मुलींनी तिला पोळीचे तुकडे घालून घरची केली. जूनअखेर नव्या मुली आल्या आणि तिनं एकीचा परकर धरला. दात लागले नाहीत, पण रडारड झाली, पालक आले, वसतिगृहाच्या समितीचे सचिव वकीलसाहेब स्वतः आले. मी तुला पत्र टाकलं. तू पुढच्याच शनिवारी हजर. उशिरा, पण हजर.

आधी तिला गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळू नये म्हणून इंजेक्शन दिलंस. मग सगळ्या मुलींना अंगणात गोळा केलंस, टिकलीला नाही. "आधी तुमची शाळा," म्हणालीस. शाळेत शुद्ध बोलायचीस, माझ्या मुलींसमोर मात्र हिवरखेडचं बोललीस, म्हणून त्या ऐकत राहिल्या. कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात न्यायचा नाही, त्याला तो मार वाटतो. डोळ्याला डोळा लावायचा नाही. घाबरून पळायचं नाही आणि लाडानं मिठी मारायची नाही. बाजूला तोंड करून बसायचं, हात मांडीवर. येईल तर येईल, हुंगेल, जाईल. गेली तर जाऊ द्यायचं. शेपटी ताठ झाली, तोंड मिटलं, जिभेनं ओठ चाटायला लागली, नजर तिरकी झाली, की ती सांगून राहिली की पुरे. "पुरे म्हनल्यावर पुरे. नाईतर मंग ते दातानं सांगते."

"आणि मला भेटायचंच नसेल तर?" एक मुलगी म्हणाली.

"तं नको भेटू. तिनंही तुले भेटलंच पायजे असं थोडी आहे."

तेव्हापासून दर वर्षी नव्या मुली आल्या की मी हे सगळं क्रमानं घेते. मी त्याचा तक्ता केला, तू त्याची टिंगल केलीस आणि नंतर एक प्रत मागून घेतलीस. टिकलीनं पुन्हा कोणाचा परकर धरला नाही.

एका गोष्टीवरून मात्र आपलं जुंपायचं. पाहुणा दारात आला की मी म्हणायची, या ना, काही करत नाही ती. पाहुण्याचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून माणूस एवढं म्हणतंच. तुझ्याकडे कोणी विचारलं, कुत्रं चावतं का हो, की तू म्हणायचीस, "अजून तं नाई चावला." किती माणसं तुझ्या ओट्यावरूनच परत गेली! तुझ्या मुख्याध्यापिकाबाईसुद्धा. मी म्हटलं, अगं, थोडं गोड बोलावं. तू म्हणालीस, "मी त्याच्या मनातलं कसं सांगू? मी गोड बोलीन, तो पाहुणा बिनघोर आत जाईन, हात घालीन, अन् मंग चुकी कुत्र्याची." मला ते उद्धट वाटायचं. अजूनही जरा वाटतं.

आता एक गोष्ट, जी आपण दोघी कधी उघड बोललो नाही. वसतिगृहाच्या मागची खोली रिकामी आहे. तिला दोन खिडक्या आहेत, बाहेर संत्र्याची दोन झाडं आहेत. तुझ्या निवृत्तीला अवकाश होता, तरी मी दर दिवाळीला ती खोली झाडून चुना लावून घ्यायची. का, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू एवढंच म्हणायचीस, "आधी दोन्ही कुत्रे भेटू दे, मंग पाहू." दोन कुत्री भेटवायची तर दोन दोऱ्या लागतात, आणि त्या धरणारी, एकमेकांवर भरवसा असलेली दोन माणसं. एक तू, एक मी, असं ठरलेलं होतं. पण दर दिवाळीला काही ना काही निघायचं. तुझे पेपर तपासायचे राहायचे, माझा हिशेब राहायचा. मला वाटतं, आपण त्या दोन कुत्र्यांच्या आडोशाला उभ्या होतो. एवढी मोठी गोष्ट बोलायला दोघींनाही संकोच वाटत होता. चांगला संकोच होता तो. त्यात तुझं येणं गृहीतच होतं.

तू गेल्यावर प्रल्हाद म्हणाला, "इंदूताई, कोहळ्याले मी वाडीत नेतो." म्हणाला खरा, पण म्हणताना दोन पावलं मागे सरला. शिवाय वाडीतली कुत्री रांगडी आणि राखणीची. ती परक्याला टिकू देत नाहीत. मी म्हटलं, मी नेते. तो म्हणाला, "अन् तुमची टिकली?" मी म्हटलं, "तेच तर. दुसरी दोरी तुम्ही धरायची." त्याची सासुरवाडी अमरावतीची, पेरणीला वेळ होता, आणि तुझं नाव घेतल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

कोहळ्याचं तिकीट काढलं, गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत तो बसला. बसला म्हणजे उभाच राहिला. बडनेऱ्याला गाडी बदलताना प्रल्हादनं दोरी धरली होती, मनगटाला तीन वेढे देऊन, हात छातीशी आवळून. मी म्हटलं, "भाऊ, दोरी गुंडाळायची नाही, उद्या त्यानं ओढ घेतली तर तुमचा हात जाईल. आणि सैल सोडा. ताणली की त्याला कळतं, तुम्ही भ्यालात."

"भ्यालोच तं हावो!" प्रल्हाद म्हणाला. फलाटावरचे हमाल हसले. तोही हसला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

सुट्टीमुळे वसतिगृहात मुली नव्हत्या, हे एक बरं होतं. कोहळ्याला मागच्या खोलीत ठेवलं, टिकलीला पुढच्या पडवीत. तो आत शिरताच चारही कोपरे हुंगून दाराशी बसला. झोपला नाही. दिवस गेले तरी नीट झोपला नाही, जरा डोळा लागला की कान उभे करून उठायचा आणि दाराकडे पाहायचा. तो कोणाची वाट पाहत होता, ते तुला सांगायला नको.

उन्हं तापायच्या आत आम्ही कॅम्पातल्या रुंद रस्त्यावर जायचो. एका कडेनं मी आणि टिकली, दुसऱ्या कडेनं प्रल्हाद आणि कोहळ्या. दोघांची तोंडं एकाच दिशेला. पहिल्या सकाळी टिकली पाठीवरचे केस उभे करून चालली. मी थांबले नाही. ती पाहायची, मी चालायची, तिला यावंच लागायचं. हळूहळू तिचं पाहणं कमी झालं. मग आम्ही रस्ता अरुंद केला, म्हणजे मधोमध सरकत आलो. मग आलटून पालटून एक पुढे, एक मागे, कापसाच्या गाड्यांसारखं. कोहळ्या जिथे मुतला तिथे टिकली हुंगायची, आणि प्रल्हाद मोठ्यानं कळवायचा, "ताई, वाचून राहिली ती!" चालता चालता त्याची मूठ सैल झाली. त्याला स्वतःला कळलं नाही, मी पाहिलं.

सगळं ठीक चाललं होतं, आणि एका सकाळी फिरून आल्यावर मी दोरी खांबाला अडकवून पाणी आणायला आत गेले. प्रल्हादला वाटलं, आता झालीच आहे मैत्री. त्यानं शिदोरीतली भाकर काढली, मधोमध मोडली आणि दोघांच्या मध्ये एका जागी ठेवली.

मी धावत आले तेव्हा नुसती गुरगुर, धूळ आणि दात. प्रल्हाद हात घालायला निघाला होता. मी ओरडले, "हात नको!" आणि बादलीतलं पाणी दोघांच्या तोंडावर फेकलं. ती सुटली. कोहळ्याच्या कानातून रक्त, टिकलीचा ओठ फाटलेला. प्रल्हाद भिंतीला टेकून खाली बसला.

"मले वाटलं," तो म्हणाला, "एका जागी जेवले म्हंजे झालं."

यमू, मी त्याला रागावणार होते. तोंडात शब्द आले होते. पण तो वाक्य बोलला आणि मी बादली खाली ठेवली. तुमच्या घरात हे वाक्य किती मोठं आहे, ते मला माहीत आहे. खाणावळीतलं ते वर्ष संपताना आपण दोघी पहिल्यांदा एका ताटात जेवलो, तेव्हा तू घरी पत्रानं कळवलं होतंस, आणि प्रल्हाद तेव्हा शाळकरी होता तरी ते त्याच्या लक्षात राहिलं. त्याच्या हिशेबी ओळखीची शेवटची आणि सर्वांत पक्की पायरी त्यानं त्या दोन कुत्र्यांना देऊ केली होती. कुत्र्यांच्या हिशेबी ती भांडणाची पहिली. हे त्याला सांगताना मला तुझं ते वाक्य आठवलं, कुत्र्याचं कुत्र्यापाशी राहू दे. तू त्या दिवशी हेच म्हणत होतीस का?

दवाखान्यात दोघांना मलमपट्टी झाली. बातमी वकीलसाहेबांपर्यंत पोचली. ते सायंकाळी आले, खुर्चीवर बसले, छडी मांडीवर घेतली. "बाई, एक कुत्रं आम्ही चालवून घेतलं. आता हे दुसरं. मुली आल्यावर असं झालं अन् एखादी मधात सापडली तं?"

मी म्हटलं, "तर दोन्ही जातील."

"तुम्ही म्हनता?"

"मी म्हणते. शाळा उघडायच्या आत मला खात्री झाली नाही, तर मीच घालवीन."

ते गेल्यावर प्रल्हाद म्हणाला, "ताई, असं काहून म्हनलं तुमी?" कारण तेच खरं होतं. मुली आधी. तुझ्यासाठीसुद्धा मी ते बदललं नसतं, आणि तूही मला बदलू दिलं नसतंस. पण तुझं या जगात हालतं-चालतं असं एवढंच उरलं होतं.

आम्ही पुन्हा रस्त्याच्या दोन कडांवर गेलो. अगदी पहिल्यापासून. प्रल्हादला वाटलं, इतकी मेहनत वाया गेली. मी त्याला तुझं सांगितलं: बिघडलं की मागं जायचं, त्यात लाज कसली. तो म्हणाला, "अक्का मले गनित शिकवताना हेच म्हने. मी लय मांगं गेलो होतो." आता खाणं दोघांना वेगवेगळ्या अंगणात, मध्ये बंद दार. हुंगायचं तर मागच्या बाजूनं, घटकाभरच, आणि लगेच हाक मारून पुढे. कोणी ताठ झालं की काही न बोलता वळायचं. कंटाळवाणं काम होतं. मला कंटाळवाणी कामं आवडतात, तू ती करताना गायचीस. मी गायले नाही. प्रल्हाद गायला, तुझ्यासारखाच बेसूर.

मग पेरणीचा निरोप आला. प्रल्हादला निघायला हवं होतं. आदल्या दिवशी सकाळी आम्ही फिरून अंगणात आलो, फाटक लावलं. दोन्ही कुत्री दमलेली, तोंडं उघडी, अंग सैल. पाण्याची भांडी दोन, लांब लांब. खायचं काही जवळ नाही.

"सोडू काय?" प्रल्हादनं विचारलं.

तू मला किती वर्षं म्हणत होतीस की दोरी कधीतरी हातातून टाकावी लागते, आणि मी म्हणायची, वसतिगृहात ते चालायचं नाही. मी बादली भरून जवळ ठेवली. मग म्हटलं, "सोडा. पण बांधलेली राहू द्या, नुसती जमिनीवर टाका."

दोऱ्या खाली पडल्या. टिकली कोहळ्याकडे गेली, वळसा घालून, बाजूनं. हुंगली. एकदा गुरगुरली. माझा हात बादलीच्या कडीवर होता. कोहळ्यानं तोंड दुसरीकडे केलं आणि संत्र्याच्या झाडाचा बुंधा हुंगायला लागला, जणू अख्ख्या अमरावतीत तेवढंच बघण्यासारखं होतं. टिकली क्षणभर उभी राहिली आणि पाणी प्यायला गेली.

एवढंच. मिठ्या नाहीत, खेळ नाही. तुझ्या भाषेत, झालं.

प्रल्हाद पायरीवर बसला. कोहळ्या दोरी ओढत त्याच्याजवळ आला आणि त्याच्या गुडघ्याला पाठ टेकून बसला. प्रल्हाद हलला नाही. बराच वेळ हात मांडीवर ठेवून, बाजूला तोंड करून बसून राहिला, तू मुलींना शिकवलंस तसा. त्याला हे कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. जाताना त्यानं कोहळ्याच्या छातीवर खालून हात फिरवला आणि म्हणाला, "दिवाळीले येतो. ह्याच्यासाठी येतो, तुमच्यासाठी नाई." हा खास तुमच्या घरचा निरोप.

शाळा उघडली. मुली आल्या. मी त्यांना अंगणात बसवलं, सगळं क्रमानं सांगितलं. एकीच्या वडिलांनी विचारलं, बाई, हे नवं कुत्रं कोणाचं? मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं. "होतं" म्हणणार होते, म्हटलं नाही. वकीलसाहेब दोन दिवस येऊन पडवीत बसले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत.

आज संध्याकाळी हिशेब आटपून बाहेर आले तर टिकली पडवीच्या एका टोकाला आणि कोहळ्या भोजनगृहाच्या उंबऱ्यालगत, तिच्याकडे पाठ करून, चारही पाय ताणून झोपला होता. डुलकी नव्हती ती. पोट वरखाली होत होतं, जबडा सैल सुटला होता, मागचा पाय स्वप्नात चालत होता. अंगणातून पोरी पळत गेल्या तरी कान हलला नाही. अकोल्याहून आल्यापासून तो पहिल्यांदा असा झोपला होता.

जेवणाची वेळ झाली होती. घंटेचा दोर माझ्या हातात होता. एवढ्या वर्षांत ती घंटा कधी मिनिटभर पुढेमागे झाली नाही, हे गाव सांगेल.

मी दोर सोडला, खोल्याखोल्यांतून फिरले आणि प्रत्येक दारात हळूच सांगितलं, चला, जेवायला चला, पण मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. पोरी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि निघाल्या. वरण गार झालं होतं. कोणी तक्रार केली नाही.